पेनड्राइव्ह बूट होईना? आधी काम कुठं अडलंय ते बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसात, जुळे सोलापुरातल्या क्लासेसमध्ये, घराघरांत तेच जुने पीसी अजून चालू आहेत. आता त्यांच्यावर विंडोज ११ टाकायचं की लिनक्स, हे ठरवावंच लागतंय. काहीही ठरवलं तरी काम पेनड्राइव्हवरूनच करायचं असतं, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. मग पुन्हा रूफस (बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर), पुन्हा बर्न, दुसरा पेनड्राइव्ह, तिसरं सॉफ्टवेअर. यात अर्धा दिवस जातो आणि दोष बऱ्याचदा पेनड्राइव्हमध्ये नसतोच.

म्हणून पेनड्राइव्ह पुन्हा बनवायला घेण्याआधी काम नेमकं कुठं थांबलं ते बघा. बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीत) पेनड्राइव्हचं नावच आलं नाही? नाव आलं, निवडलं, पण पुढं काळी स्क्रीन? इन्स्टॉलर उघडला पण हार्ड डिस्क दिसेना, किंवा दिसतेय पण घेईना? की सगळं नीट झालं आणि पहिल्या रीस्टार्टनंतर बिघडलं? या चारही ठिकाणची कारणं वेगळी आहेत. एकीकडचा उपाय दुसरीकडे लावला तर वेळ जातो, आणि कधी कधी डेटाही जातो.

आयएसओ आणि पेनड्राइव्ह

आयएसओ फाइल (अख्खा इन्स्टॉलर एकाच फाइलमध्ये) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही. तिच्या आतल्या फायली आणि बूट करणारा भाग पेनड्राइव्हवर योग्य जागी उतरवावा लागतो, त्यासाठी रूफस, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा लिनक्ससाठी बॅलेना एचर लागतं. व्हेंटॉयचं तेवढं वेगळं आहे: एकदा व्हेंटॉय पेनड्राइव्हवर टाकलं की नंतर आयएसओ खरंच नुसती कॉपी करायची.

विंडोज ११ ची आयएसओ पाच जीबीच्या वर जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवताना नेट मध्येच तुटतं, पुन्हा जोडलं जातं आणि शेवटी फाइल पूर्ण झाल्यासारखी दिसते. आत मात्र खराब असू शकते. याची शंका कायमची मिटवायची तर हॅश (फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारी तिची ओळख) तपासा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल कमांड हॅशफाइल पर्यायासह चालवा, फाइलचं नाव द्या आणि शेवटी एसएचए२५६ लिहा. ६४ अक्षरांची ओळ येते. ती डाउनलोड पानावर दिलेल्या ओळीशी तंतोतंत जुळली तर आयएसओवर संशय घेण्याचं कारण उरत नाही. एका अक्षराचाही फरक असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, १६ चा घेतला तर बरं. नवी पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल आणि वॉरंटी असलेलाच घ्या. कारण कपॅसिटी खोटी दाखवणारे पेनड्राइव्ह बाजारात आहेत. वर ६४ जीबी छापलेलं असतं, विंडोजही ६४ दाखवतं, पण आतली मेमरी त्याहून कितीतरी कमी असते. कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, एवढंच. खरी जागा संपल्यावर पुढं लिहिलेला डेटा हवेत जातो किंवा आधीच्या डेटावर चढतो. असा पेनड्राइव्ह बर्न होतो, बूटही होतो आणि इन्स्टॉलर फायली कॉपी करताना मध्येच मान टाकतो. विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्समध्ये एफ३ ही दोन मोफत साधनं पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, पण नवीन पेनड्राइव्हवर एकदा ही चाचणी करून ठेवावीच.

यंत्रमागवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इलेक्ट्रॉनिक जकार्डला डिझाइन द्यायचा पेनड्राइव्ह आणि विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह एक ठेवू नका. बूटेबल करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, डिझाइनच्या फायलीसुद्धा. शिवाय नंतर तो पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (फॅट३२ सारखीच फायली साठवायची एक पद्धत) राहतो किंवा त्यावर दोन-तीन तुकडे पडतात, आणि फॅट३२ ची अपेक्षा ठेवणाऱ्या कंट्रोलरला तो वाचता येत नाही. परत पहिल्यासारखा करायचा तर कमांड प्रॉम्प्टवर डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्क साधन) जाऊन आधी 'लिस्ट डिस्क', आकारावरून पेनड्राइव्हचा नंबर ओळखून 'सिलेक्ट डिस्क', मग 'क्लीन', 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी' आणि शेवटी फॅट३२ मध्ये क्विक फॉरमॅट. 'क्लीन' दाबण्याआधी नंबर पुन्हा बघा. चुकीचा नंबर निवडला तर डिस्कपार्ट तुम्हाला काहीही न विचारता दुसरीच डिस्क साफ करू शकतं.

बूट मेनूत नावच येत नाही

आधी बटण बरोबर आहे का ते बघा. डेल आणि लेनोवोला एफ१२. एचपीला एस्केप दाबून मग एफ९. असूसच्या लॅपटॉपला एस्केप, असूसच्या डेस्कटॉप मदरबोर्डला एफ८. गिगाबाइटला एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकला एफ११. एसरच्या लॅपटॉपवर एफ१२ बऱ्याचदा बंद असतं, ते एफ२ ने बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. लेनोवोच्या काही लॅपटॉपना कडेला टाचणीने दाबायचं नोव्हो बटण असतं, त्यानेही हाच मेनू उघडतो. मशीन चालू केल्या क्षणापासून बटण टपटप दाबत राहा, कंपनीचा लोगो जाईपर्यंत थांबू नका.

बटण बरोबर असून मेनू येत नसेल तर फास्ट स्टार्टअप आडवं आलेलं असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाउन केलं की मशीन पूर्ण बंद होत नाही, कर्नलचा भाग डिस्कवर साठवून ठेवलेला असतो. रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो. त्यामुळे शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडा. तिथं पेनड्राइव्हचं नाव दिसलं तर बटणाची मारामारीच संपली.

पोर्टाकडे लक्ष द्या. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट कॅबिनेटमधल्या वायरीने मदरबोर्डाला जोडलेले असतात आणि तेच आधी ढिले होतात. कारखान्याच्या ऑफिसातल्या पीसीत तर पोर्टाच्या तोंडात कापसाची बारीक रुई बसलेली असते. टॉर्च मारून बघितलं की आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर करडा थर दिसतो. त्याखाली चार पितळी रेघा असतात, त्या दिसत नसतील तर पेनड्राइव्हचा संपर्क नीट होणारच नाही. मशीन बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने ती रुई काढा. टाचणी घालू नका. नाहीतर सरळ मागचा, मदरबोर्डावरचा पोर्ट वापरा, शक्यतो काळा यूएसबी २.० चा. हब आणि एक्स्टेंशन वायर बाजूला ठेवा.

एवढं करून दुसऱ्या मशीनवर तोच पेनड्राइव्ह लावून बघा. तिथं मेनूत दिसला तर पेनड्राइव्ह निर्दोष आहे, दोष पहिल्या मशीनच्या सेटिंगमध्ये शोधा.

दोन्हीकडे दिसत नसेल तर फाइल सिस्टिमकडे वळा. यूईएफआय फर्मवेअरला (मशीन सुरू करणारं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) फॅट वाचता येणं बंधनकारक आहे, एनटीएफएस वाचता येणं नाही. फर्मवेअर पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ ही फाइल शोधतं. पेनड्राइव्ह एनटीएफएस असेल तर बऱ्याच मशीनला ते फोल्डर दिसतच नाही. मग सगळं फॅट३२ का करत नाहीत? कारण फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि विंडोजच्या आयएसओतली इन्स्टॉल डॉट विम ही फाइल त्याच्या वर जाते. रूफस यावर तोड काढतं: मुख्य भाग एनटीएफएस ठेवतं आणि शेवटी एक चिमुकला फॅट पार्टिशन जोडतं, ज्यातून एनटीएफएस वाचायचा ड्रायव्हर आधी चालू होतो. मीडिया क्रिएशन टूल तीच फाइल जास्त दाबून इएसडी रूपात देतं, ती फॅट३२ मध्ये बसते. स्वतःच्या हाताने फायली कॉपी करून पेनड्राइव्ह बनवायचा असेल तर डिस्म कमांडच्या स्प्लिट-इमेज पर्यायाने विम फाइलचे ३८०० एमबीचे तुकडे करा आणि ते एसडब्ल्यूएम तुकडे सोर्सेस फोल्डरमध्ये ठेवा. इन्स्टॉलर ते आपोआप ओळखतो.

एकच पेनड्राइव्ह, मेनूत दोन नावं

सगळ्यात जास्त डेटा इथं उडतो, म्हणून जरा थांबून वाचा.

बूटची जुनी (बायोस, म्हणजेच लेगसी) आणि नवी (यूईएफआय) अशी दोन्ही पद्धत चालवणाऱ्या मशीनवर बूट मेनू उघडला की एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसू शकतात. एका ओळीच्या सुरुवातीला 'यूईएफआय' लिहिलेलं असतं, मग कंपनीचं नाव, कधी पुढं 'पार्टिशन १'. दुसऱ्या ओळीत नुसतं कंपनीचं नाव. लोक जी वर दिसेल ती ओळ निवडतात. पण या एका एंटरने पुढचं सगळं ठरतं. यूईएफआयची ओळ निवडली तर विंडोजला जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) डिस्क लागते. दुसरी निवडली तर एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची.

ओळ आणि डिस्क जुळली नाहीत की इन्स्टॉलर डिस्क दाखवतो, पण नेक्स्ट दाबू देत नाही. खाली संदेश येतो. तो पूर्ण वाचा, कारण त्याचे दोन प्रकार आहेत आणि उपाय उलटे आहेत. संदेशात 'जीपीटी पार्टिशन स्टाइल' असं असेल तर तुमची डिस्क नव्या पद्धतीची आहे आणि तुम्ही जुन्या ओळीवरून आत आलात. काहीही पुसू नका. मशीन रीस्टार्ट करा, यूईएफआयची ओळ निवडा, काम होईल. अशा वेळी घाईघाईने सगळे पार्टिशन डिलीट करणारे बरेच असतात, आणि डी ड्राइव्हवरची हिशोबाची वर्षं त्यात जातात.

संदेशात 'एमबीआर पार्टिशन टेबल' असेल तर उलटं आहे: तुम्ही यूईएफआयने आलात, डिस्क जुनी आहे. डेटा नको असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टमध्ये योग्य डिस्क निवडून 'क्लीन' आणि 'कन्व्हर्ट जीपीटी' करा. डेटा हवा असेल तर आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. त्यानंतर, त्या डिस्कवर आधीचं विंडोज असेल तर एमबीआर२जीपीटी हे विंडोजचंच साधन डेटा न पुसता रूपांतर करतं. अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत. रूपांतर झालं की बायोसमध्ये बूट मोडही यूईएफआय करा.

चालू मशीन कोणत्या पद्धतीने बूट होतंय हे आधीच बघून ठेवता येतं. रनमध्ये एमएसइन्फो३२ लिहा, 'बायोस मोड' या ओळीत यूईएफआय किंवा लेगसी असं दिसेल. त्यानुसार रूफसमध्ये यूईएफआयसाठी जीपीटी निवडा आणि नुसतं बायोस असलेल्या जुन्या मशीनसाठी एमबीआर. जीपीटी आणि यूईएफआय निवडून बनवलेला पेनड्राइव्ह जी३१ किंवा जी४१ चिपसेटच्या मदरबोर्डावर कधीच बूट होणार नाही. त्या मदरबोर्डावर बहुतेक कोअर टू ड्युओ प्रोसेसर असतो आणि त्याच्यावर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती चालतही नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाही. रूफसची कोणतीही टिक यावर उपाय नाही. तिथं लिनक्स मिंट टाका.

निवडलं, पण पुढं काळी स्क्रीन

सिक्युअर बूटने (विश्वासातले नसलेले बूटलोडर अडवणारं सेटिंग) अडवलं असेल तर बहुधा तसा संदेश येतो. जुन्या लिनक्स आयएसओवर 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असं येऊन मशीन बंद होतं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसला, कारण त्या अपडेटने जुन्या बूटलोडरवरचा विश्वास काढून घेतला. त्याच डिस्ट्रोची (लिनक्सच्या त्याच प्रकाराची) ताजी आयएसओ घ्या, तो सरळ उपाय आहे. व्हेंटॉय वापरत असाल तर पहिल्या वेळी निळा पडदा येतो. त्यात 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडून व्हेंटॉयच्या छोट्या पार्टिशनमधली की स्वीकारायची, मग रीस्टार्ट.

सिक्युअर बूट बंद करायचंच असेल तर त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चौकशी करा. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं. सेटिंग बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर आतला डेटा कुणालाही काढता येत नाही. की सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, मगच बायोसला हात लावा. दुसऱ्याचा लॅपटॉप असेल तर ही गोष्ट कुठल्याही गडबडीत सोडू नका.

लिनक्सचा मेनू दिसून मग काळं होत असेल तर ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो, विशेषतः एनव्हिडिया असेल तर. मिंटच्या मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड आहे, तो निवडा. मेनूच दिसत नसेल तर रूफसमध्ये आयएसओ मोडऐवजी डीडी मोडने (आयएसओ जशीच्या तशी उतरवणारा) पुन्हा लिहून बघा. डीडीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की 'फॉरमॅट करू का' असं विचारतं. तिथं नाही म्हणा, पेनड्राइव्ह खराब झालेला नाही.

इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे हमखास घडतं. एसएसडी धडधाकट असते, पण ती इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क कंट्रोलरच्या मागे असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या. तो ईएक्सई असतो, तसाच ठेवून चालत नाही. उघडून आतल्या आयएनएफ फायली दिसतील असा एका फोल्डरमध्ये काढा, तो फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा. डिस्क लगेच दिसते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही दिसते, पण त्या डिस्कवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर ते उठत नाही. ड्रायव्हरचा रस्ता जास्त सुरक्षित.

याच्यासारखाच दिसणारा दुसरा संदेश आहे: 'अ मीडिया ड्रायव्हर युवर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग'. हा वाचून लोक ड्रायव्हर शोधत बसतात. बहुतेक वेळा इथं कोणताही ड्रायव्हर नको असतो, इन्स्टॉलरला स्वतःच्याच पेनड्राइव्हवरच्या फायली वाचता येत नसतात. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टात लावा, हॅश तपासा, मग गरज पडली तर पुन्हा बर्न. विंडोज ७ टाकताना मात्र खरंच यूएसबी ३.० चा ड्रायव्हर लागतो.

कॉपी करताना अडत असेल तर टक्केवारी लिहून ठेवा. दर वेळी त्याच आकड्याला अडत असेल तर आयएसओ किंवा पेनड्राइव्ह बघा. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर रॅमवर संशय घ्या आणि मेमटेस्ट८६ रात्रभर लावा.

'धिस पीसी कान्ट रन विंडोज ११' असं आलं तर आधी बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बंद नाही ना ते बघा. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने, एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने असतं. रूफस ही तपासणी काढून टाकायची सोय देतं, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जीएसटीचे हिशोब ज्या मशीनवर आहेत तिथं मी ही पळवाट सुचवणार नाही. टॅली लागत असेल तर इंटेल ८ व्या पिढीचा वापरलेला पीसी घ्या. नुसतं ब्राउझर आणि मेल असेल तर लिनक्सवर व्यवस्थित चालतं.

पहिल्या रीस्टार्टनंतर

इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर घाबरू नका. मशीन परत पेनड्राइव्हवरून उठलंय. पेनड्राइव्ह काढा आणि चालू करा, नाहीतर बूट मेनूत 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा.

उलट प्रकारही होतो: एखादी डिस्क काढली की विंडोज उठतच नाही. पीसीत दोन डिस्क होत्या आणि बूटचा भाग दुसरीवर जाऊन बसला. म्हणून इन्स्टॉल करताना एकच डिस्क जोडलेली ठेवा, दुसरीची साटा वायर काढून ठेवा. आधीच झालं असेल तर बीसीडीबूट कमांडने योग्य डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये बूट फायली पुन्हा लिहिता येतात.

उन्हाळ्यात दुपारी हे काम घेऊ नका. पारा ४० च्या वर असताना जुना, रुईने भरलेला डेस्कटॉप मध्येच तापून बंद पडतो, आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. इन्स्टॉलेशन मध्येच तुटलं तर पुन्हा सुरू करता येतं. बायोस अपडेट मध्येच तुटलं तर मदरबोर्ड जातो, ते यूपीएसशिवाय करूच नका.

आणि दर वेळी चालू करताना तारीख मागे जात असेल, बूटची क्रमवारी आपोआप बदलत असेल, ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत असेल, तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदला, बायोसमध्ये तारीख आणि यूईएफआय मोड पुन्हा लावा.